कोच राहणार, पाटी जाणार

३ सप्टेंबर, रविवार

सीझन सुरू. काल पहिली मॅच, ४१–६. याला हरणं म्हणत नाहीत. चाचपणी म्हणतात. कोच विंगर्ट यांची योजना पाच वर्षांची आहे, हे चौथं वर्ष. चौथ्या वर्षी सगळ्याच योजना अशा दिसतात.

आमची टीम थ्रेशर्स, गावच्या युनिव्हर्सिटीची, अमेरिकन फुटबॉलची. म्हणजे मळणीयंत्र. मॅच संपल्यावर मेव्हणा गेलन म्हणाला, काल मळणी झाली खरी, पण आपली. पार्किंगमधले सगळे हसले. गेलनचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे विकणाऱ्या माणसाला फुटबॉलमधलं काय कळतं? मी घरं विकतो, पण ते वेगळं. त्यात माणसाची पारख लागते.

संकल्प: या सीझनमध्ये एकदाही चिडायचं नाही.

१० सप्टेंबर, रविवार

चिडलो. ३४–३.

सायंकाळी रेडिओवर लोकांचे फोन घेतात, तो कार्यक्रम लावला. सगळी कोल्हेकुई. विंगर्टला काढा, विंगर्टला हाकला. शेवटी मीच फोन लावला. सांगितलं की मी कोचना व्यक्तिशः ओळखतो. तीन वर्षांपूर्वी देणगीदारांच्या जेवणात त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारून म्हटलं होतं, "तुमच्यासारख्या माणसांमुळेच आम्ही आहोत, दोस्त." असं कोणी कुणालाही म्हणत नाही. मग ओघात हेही म्हणून गेलो की कोचना काढलं, तर मी, रँडल स्टूब, हे टॉलिव्हर गाव सोडून जाईन.

मार्लिस गाडीत रेडिओ ऐकत होती. घरी आली, किराणा ओट्यावर ठेवला आणि विचारलं, कुठे जायचं ठरलंय? उचलली जीभ लावली टाळ्याला, असंही म्हणाली. बायकोने नवऱ्याच्या तत्त्वांशी असं बोलू नये.

१७ सप्टेंबर, रविवार

जिंकलो! १३–१०! समोर शिक्षकांचं छोटं कॉलेज होतं आणि त्यांचा मुख्य खेळाडू बहिणीच्या लग्नाला गेला होता, हे गेलनने चार वेळा सांगितलं. जळकुकडेपणा. विजय तो विजय.

कोच मैदानातून जाताना त्यांनी आमच्या बाजूला हात केला. आमच्या रांगेत मीच उभा होतो. बाकीचे घरी गेले होते.

२४ सप्टेंबर, रविवार, सकाळी ६.४०

हद्द झाली.

काल ४५–०. आज पहाटेच गेलनचा फोन. दाजी, म्हणे, जरा कोचच्या घरावरून चक्कर मारा. तुमचा फोटो फार छान दिसतोय.

गेलो. चपला तशाच. कोचच्या हिरवळीवर माझी पाटी! 'विकणे आहे' हे लाल अक्षरांत, खाली माझा हसरा फोटो, अंगठा वर, माझा फोन नंबर, आणि माझं घोषवाक्य: 'निघायची वेळ झाली? रँडलला बोलवा.'

हे घोषवाक्य मी स्वतः लिहिलंय. घर विकणाऱ्यांसाठी लिहिलंय.

टीम हरली की कोचच्या अंगणात अशी पाटी रोवायची, ही आमच्याकडची जुनीच खोड. पण रोवा ना दुसऱ्या एजंटची! ही पाटी लिंडन रस्त्यावरच्या ड्व्होराक बाईंच्या घरासमोरून उपटून आणलेली. बाई गेल्या मेपासून घर विकायच्या प्रयत्नात आहेत.

पाटी उपटली. कोचच्या दारावर कॅमेरा आहे, त्याचा निळा दिवा लागला. मी पाटी उंच धरून कॅमेऱ्याला हात केला. आपला माणूस पहारा देतोय, हे कोचना कळलेलं बरं.

१ ऑक्टोबर, रविवार

३१–१४. चौदा! प्रगती.

आज दोन पाट्या. दोन्ही उपटल्या. दोन्ही वेळा कॅमेऱ्याला हात केला. पाट्या फार खोल रोवल्या होत्या, कंबर धरली. रोवणारा कोणी का असेना, कामाला चोख आहे.

संकल्प: दर रविवारी पहाटे जाणार. कोच राहणार, पाटी जाणार.

(हे वाक्य चांगलं जमलंय. टी-शर्टवर छापून घ्यावं.)

७ ऑक्टोबर, शनिवार

टी-शर्ट आला. छापणाऱ्याने 'पाटी'चं 'पार्टी' केलं. कोच राहणार, पार्टी जाणार. तसाच घातला. पाच जणांनी विचारलं, पार्टी कुठे आहे.

मॅचआधी वाईट झालं. मॅचआधी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये चूल मांडून जेवायची इथली रीत, आणि बावीस वर्षं आमची आणि गेलनची चूल एकत्र. माझी चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि त्याच्या बायकोचे दालचिनीचे रोल. आज गेलनने पुढच्या रांगेत चूल वेगळी मांडली. म्हणाला, वैयक्तिक काही नाही दाजी, पण विंगर्टचं कौतुक ऐकत जेवण पचत नाही. माझ्या चिलीसाठी वर्षानुवर्षं येणारे लोकही रोलच्या मागे तिकडे गेले. चिली उरली. दालचिनी रोलशिवाय चिली खायची म्हणजे शिक्षाच आहे.

मार्लिसने तिकडून दोन रोल आणले. मी खाल्ले नाहीत. एक खाल्ला.

२७–९.

१६ ऑक्टोबर, सोमवार

गैरसमज पसरतोय. कॉफीच्या दुकानात माझ्या कॉफीचे पैसे दुसरंच कोणी भरतंय. पाठीवर थाप, 'शाब्बास रँडल', 'कोणीतरी बोलायला हवंच होतं'. मी समजावतो की पाट्या माझ्या आहेत, पण मी रोवत नाही, मी तर उपटतो. ते डोळा मारतात. जितकं समजवावं तितका डोळा जास्त मारतात. बुडत्याचा पाय खोलात.

कॉफी मात्र प्यायलो. सोडून कशाला द्यायची?

दुपारी ड्व्होराक बाईंनी घर विकायचं काम माझ्याकडून काढून घेतलं. एक गिऱ्हाईक जोडपं पाटी बघत बघत कोचच्या दारात पोचलं आणि स्वयंपाकघर दाखवा म्हणालं. कोचच्या बायकोने म्हणे दाखवलंही. बिचारी किती साधी आहे. बाईंना मी सांगितलं की हे तत्त्वासाठी सोसावं लागेल. बाई म्हणाल्या, त्यांना तत्त्व नको, गिऱ्हाईक हवंय. बाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत. मला वाईट वाटलं. पण कोचना किती वाईट वाटत असेल!

२१ ऑक्टोबर, शनिवार

सह्यांची मोहीम! 'कोच विंगर्ट राहावेत' असा अर्ज, युनिव्हर्सिटीला द्यायला. सकाळी दहापासून स्टेडियमच्या दारात उभा होतो. आपल्या लोकांच्या सह्या अकरा. त्यातल्या दोघांना ती पार्किंगची यादी वाटली.

मग समोरच्या टीमचे लोक आले. काय सांगू! रांग लावली. एकाने सगळ्या बसला बोलावून आणलं. म्हणाले, असा कोच जावाच कशाला, अजून दहा वर्षं ठेवा, आम्ही दरवर्षी सही करायला येतो. दोनशे चार सह्या. याला खिलाडूवृत्ती म्हणतात. गेलनने शिकावं.

३८–७.

५ नोव्हेंबर, रविवार

चार पाट्या. आता गॅरेजमध्ये माझ्याच पाट्या आणून ठेवतो, तरी येतात कुठून कळत नाही. गॅरेजची किल्ली फक्त माझ्याकडे, मार्लिसकडे आणि गरज पडली तर म्हणून गेलनकडे आहे.

कॅमेऱ्याला हात केला. पडदा हलला. कोच बघत होते, नक्की. मी अंगठा दाखवला, फोटोतल्यासारखा.

१५ नोव्हेंबर, बुधवार

अर्ज दिला. युनिव्हर्सिटीतल्या बाईंनी सह्या बघून विचारलं, हे बहुतेक पत्ते दुसऱ्या राज्यातले कसे? मी म्हटलं, कोचची कीर्ती तेवढी लांब आहे.

टीम: एक विजय, नऊ पराभव. नाचता येईना अंगण वाकडं, असं गेलन म्हणतो. अंगण वाकडंच आहे. उत्तरेकडच्या गोलकडे उतार आहे, मी स्वतः पाहिलाय.

२० नोव्हेंबर, सोमवार, सकाळी ११.१०

जिंकलो!! मॅच नाही, लढाई!

युनिव्हर्सिटीने जाहीर केलं: कोच विंगर्ट यांच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे, ते पुढच्या वर्षीही राहतील. पूर्ण विश्वास! हातच्या कांकणाला आरसा कशाला? दोनशे पंधरा सह्यांपुढे कोण टिकणार?

रेडिओवर फोन केला. तीन मिनिटं बोललो. त्यांनी फोन दोन मिनिटांनंतर कापला होता, हे मार्लिसने मागाहून सांगितलं.

२३ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग

जेवण गेलनकडे. जावंच लागतं. टर्की कापताना मी मोठ्या मनाने विषय काढला नाही. बटाट्यापर्यंत काढला नाही. मग काढला. गेलनने सुरी खाली ठेवली आणि म्हणाला, ठीक आहे दाजी, राहिला तर राहिला, पुढच्या वर्षी चूल एकत्र मांडू. त्याच्या बायकोने मला रोल वाढला. मी दोन घेतले. सात आठवडे एकट्याने चिली खाल्ली आहे मी.

म्हणजे शेवटी कोचनीच आम्हाला एकत्र आणलं.

२९ नोव्हेंबर, बुधवार

शेवटची मॅच शनिवारी हरलो, ते लिहायचं राहिलं. महत्त्वाचं नाही.

महत्त्वाचं: आज दुपारी अनोळखी नंबर. कोच विंगर्ट स्वतः! मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. इतक्या वर्षांची साथ, आभार मानायला फोन केला असणार. मीच सुरुवात केली की आभाराची काही गरज नाही.

कोच म्हणाले, "मिस्टर स्टब, घर विकायचंय."

मला वाटलं, मोठं घर घेत असतील. आनंदाने विचारलं, कुठल्या भागात बघायचं?

"फ्लोरिडात. तिथे एका मोठ्या कॉलेजात साहाय्यक म्हणून जातोय. ऑक्टोबरमध्येच ठरलं होतं, बोलता येत नव्हतं. इथले लोक ठेवतायत म्हणे, पण मला नाही राहायचं."

मी म्हटलं, कोच, आम्ही सह्या गोळा केल्या.

ते म्हणाले, हो, कळलं, कोणीतरी वेडा होता. मग मोकळेपणाने हसले. "तुमच्या चिकाटीला मात्र मानलं. एजंट पुष्कळ पाहिले, पण दर रविवारी पहाटे स्वतः येऊन पाटी घेऊन उभा राहणारा नाही पाहिला. कॅमेऱ्यात सगळं आहे. वर हात करता, अंगठा दाखवता! मी बायकोला म्हटलं, घर विकायचं झालं तर याच माणसाकडून. तिने त्या दिवशी आलेल्या जोडप्याला घरही दाखवून ठेवलंय."

मी सांगायला तोंड उघडलं. नऊ आठवड्यांत उपटलेल्या बावीस पाट्या, कंबर, ड्व्होराक बाई, सगळं सांगणार होतो.

म्हणालो, उद्या दहा वाजता येतो.

३० नोव्हेंबर, गुरुवार

कोचच्या स्वयंपाकघरात कागद केले. खोकी भरलेली होती. थ्रेशर्सच्या टोप्यांचं खोकं 'दान' लिहून दाराशी ठेवलेलं. माझं नाव त्यांनी कागदावरून वाचलं, तेही चुकीचं. निघताना खांद्यावर थाप. "तुमच्यासारख्या माणसांमुळेच आम्ही आहोत, दोस्त."

शब्द न् शब्द तोच. मागे उभ्या असलेल्या खोकी उचलणाऱ्यालाही तेच म्हणाले.



मार्लिसला घरी सांगितलं. जेवताना तिने एवढंच विचारलं, "मग आपलंही घर काढायचं का विकायला? तू रेडिओवर म्हणाला होतास."

मी म्हटलं, मी 'काढलं तर' म्हणालो होतो. त्यांना काढलं नाही, ते गेले. फरक आहे.

"आहे," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात रोल ठेवला.

२ डिसेंबर, शनिवार

पाटी रोवायला गेलो. पहिल्यांदाच रोवायला. जमीन गोठलेली, हातोडा उसळून येई. तेवढ्यात गेलनचा ट्रक थांबला. तो उतरला, मागून लोखंडी सब्बल काढली, भोक पाडलं आणि तीन ठोक्यांत पाटी बसवली. सरळ, खोल, नेमकी त्याच जागी. सराव असल्यासारखी.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पाटीकडे पाहत होता.

"फोटो चांगला आलाय, दाजी," तो म्हणाला.

मी काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी रोल हवे आहेत.

रस्त्यावरून एक गाडी गेली, तिने लांबलचक हॉर्न दिला. काच खाली करून कोणीतरी ओरडलं, "रँडल, करून दाखवलंस!" मागून आणखी दोन गाड्या, हॉर्न, टाळ्या. मी सांगणार होतो की मी कोचच्या बाजूचा होतो. पहिल्या दिवसापासून. एकटा.

अंगठा वर केला.