भरतीच्या वेळची शिकवणी

दिवेआगर, १९३४

प्रिय सिराजभाई,

बिल्किसचा सलाम. सुपारी सोलून झाली आहे, अम्मा वाडीत शिंपण करते आहे, आणि मी पडवीत बसून तुला लिहिते आहे. मॅट्रिकला नापास झालास तेव्हापासून तू मुंबईहून घरी फिरकला नाहीस. दर ईदला अम्मा तुझ्या वाटणीची सांदणं करते आणि मग शेजारी वाटून टाकते. अब्बा तुझं नाव काढत नाहीत, पण बंदरावरून कुणी येतंय असं कळलं की टोपी घालून उगाच वाटेवर जाऊन उभे राहतात.

मला त्या सुट्ट्या अजून आठवतात. तू श्रीवर्धनला इंग्रजी शाळेत होतास आणि तुला कुणावर तरी मास्तरकी करायची होती. सापडले मी. पुस्तक घरी ठेवून तू मला किनाऱ्यावर न्यायचास, वाळूत काडीने अक्षरं गिरवून घ्यायचास. पाणी लांब असताना 'द टाइड इज कमिंग' म्हणायचं, पायाला लागलं की 'द टाइड हॅज कम'. घाई केली तर तू मला पुन्हा मागे नेऊन उभी करायचास. मी ओल्या वाळूत डोळे मिटून थांबायची, पाऊल गार पडेपर्यंत. वाटायचं, मी म्हणते म्हणूनच समुद्र येतो. अजूनही झोप लागता लागता पायाशी ते पाणी येतं आणि ओठांवर ती वाक्यं असतात. असली शाळा कुणाच्या नशिबात असते, सांग.

आता हसू नकोस, तुझी बहीण मास्तरीण झाली आहे. गेल्या वर्षी कोळीवाड्यात नीराबाईकडे तार आली. तिचा नवरा आगबोटीवर खलाशी. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, आणि तार म्हणजे वाईटच, असं धरून दिवसभर रडारड चालली. मला कळल्यावर मी जाऊन वाचली, तर तो घरी येतो आहे एवढंच तिच्यात होतं. दुसऱ्याच दिवशी नीराबाईने आपल्या केसरला माझ्यापुढे आणून बसवलं. मग आपल्या मोहल्ल्यातली फिरोजा आली, आणखी दोघी आल्या. मीही त्यांना किनाऱ्यावरच नेते. परवा केसरला म्हटलं, 'द बोट इज ऑन द सी' म्हण. ती म्हणते, होडी तर वाळूवर हाय, खोटं कशाला बोलू? सगळ्या हसत सुटल्या. मला मात्र तुझी फार आठवण आली.

परीक्षेत जे झालं ते झालं, भाई. तोंड लपवण्यासारखं त्यात काही नाही. मला जे येतं ते सगळं तू दिलेलं आहे, आणि ते या पोरींना पुरून उरतं. बकरी ईदनंतर माझा निकाह आहे, म्हसळ्याच्या नुरुद्दीनशी. माणूस भला आहे म्हणतात, मी खुशीत आहे. पण मी गेल्यावर वर्ग मोडेल. चार पोरींसाठी इतक्या लांब कोण मास्तर येणार? काल आपल्या पडवीत केसरने विचारलंच, बाय, तू गेल्याव आमाला कोन शिकवल? तुला न विचारताच मी तुझं नाव सांगून टाकलं. अब्बा तिथेच झोपाळ्यावर बसले होते. ते नाही म्हणाले नाहीत.

तुझीच हट्टी बहीण,
बिल्किस