तीनच्या खेळाची मधली खुर्ची

तीर्थरूप वहिनींस,

धाकट्या दिराचा नमस्कार. (नमस्कार फक्त तुम्हाला आहे. घरात आणखी कोणी असेल तर त्याने तो स्वतःकडे ओढून घेऊ नये.) मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे हिच्याकडून कळलं, जीव भांड्यात पडला. पट्टी खाजली तरी हात लावू नका, वाकून काही उचलू नका आणि गॅससमोर तर मुळीच जाऊ नका. घरातल्या दुसऱ्या माणसाला चहा करता येतो, तो फक्त तसं दाखवत नाही. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुम्ही पाठवता ते जवाचं पाणी नेमाने घेतो. मागची बाटली धुऊन ठेवली आहे, हिच्याबरोबर पाठवीन.

डॉक्टरांनी तुम्हाला पंधरा दिवस वाचायला मनाई केली आहे हे मला माहीत आहे, आणि तरीही मी पत्र लिहितो आहे, म्हणजे माझं डोकं फिरलं असं समजू नका. फोन केला असता तर तो तुम्ही एकट्यांनीच ऐकला असता. पत्राचं तसं नाही. ते तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवणार, आणि तुमच्या घरात वाचता येणारं दुसरं माणूस एकच आहे. ते कोण, हे मी लिहीत नाही, कारण आमचं बोलणं बंद आहे. त्या गृहस्थांनी लिहिलंय तसं वाचावं, मध्ये खाकरू नये. पानांवर आकडे घातले आहेत, त्यामुळे एखादं गाळलं तर तुम्हाला कळेल.

तर तुमचा निरोप मिळाला. पट्टी सुटल्यावर पाहण्यासारखे चार चांगले चित्रपट सुचवा, असं तुम्ही म्हणालात. गेली सहा वर्षं तुम्ही थिएटरात पाऊल टाकलं नाही, कारण पडदाही पांढरा आणि त्यावरची माणसंही पांढरीच दिसायची. आता तुम्ही विचारलंत याचा मला आनंद झाला. पण सुचवायचं कसं हा प्रश्न आहे. अकरा आठवड्यांपूर्वी जे घडलं तेव्हापासून चित्रपटाबद्दल तोंड उघडायची मला भीती बसली आहे. उदाहरणार्थ, एक चित्रपट आहे, त्यात सात माणसं लिफ्टमध्ये अडकतात. सुटतात की नाही ते मी सांगणार नाही. खरं तर अडकतात हेही सांगायला नको होतं. दुसरा एक दोन बहिणींचा आहे. त्यांची कपडे धुण्याची लाँड्री असते आणि गावात महिनाभर दाट धुकं पडतं. चित्रपट फार सुंदर आहे, पण तो तुम्ही एवढ्यात पाहू नका, ऑपरेशन फसलं असं वाटेल. तिसरा एका म्हाताऱ्या घड्याळजीचा आहे. त्यात तो म्हातारा आहे आणि घड्याळं आहेत. याहून जास्त माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकणार नाही.

चौथा बोटीचा. त्याचं सविस्तर लिहितो, कारण त्याच्यावरूनच सगळं झालं, आणि तुम्हाला आजवर एकाच बाजूचं ऐकायला मिळालेलं आहे. (वाचणाऱ्याला इथे पाणी लागलं तर त्याने प्यावं.)

आता तुम्हाला ठाऊकच आहे, पण पत्रात सगळं असलेलं बरं. गेली सव्वीस वर्षं दर गुरुवारी आमचं चष्म्याचं दुकान बंद असतं आणि आम्ही दोघे भाऊ तीनच्या खेळाला जातो. कडेच्या दोन खुर्च्या ठरलेल्या. दादाचा उजवा कान पार गेलेला, डाव्यात जवळून बोललं तर पडतं. म्हणून मी त्याच्या डाव्या हाताला बसतो आणि पडद्यावरचं माणूस जे बोलेल ते त्याच्या कानात सांगतो. कानाचं यंत्र घे म्हणून सांगून आपण सगळे थकलो. कान हे चष्म्याच्या काड्या टेकवायला दिलेले आहेत, त्यांच्यावर आणखी बोजा टाकू नये, असं त्याचं मत आहे. कान गेला कशाने, तर काचा घासायच्या मशीनने. वीस वर्षं तो त्या मशीनवर बसला. मग त्याला काऊंटरवर बसवलं आणि मशीनवर मी बसलो. हे मी सहज लिहितो आहे.

तर तो बोटीचा चित्रपट. त्यात एका बाईचा नवरा समुद्रात बुडालेला असतो. ती बोटीने प्रवासाला निघते, आणि बोटीवरचा दाढीवाला आचारी हाच तिचा नवरा असतो. (हा शेवट तुम्हाला सांगायला मला वाईट वाटतं. पण तो आता गावभर झालेला आहे.) मध्यंतरानंतर अर्धा तास बरा गेला. मग काय झालं ते माझं मलाच कळलं नाही. पडद्यावर आचारी शांतपणे कांदा चिरत होता, आणि मी दादाच्या कानात म्हणालो, "मीच तुझा नवरा. दाढीमुळे ओळखलं नाहीस."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. आचारी दुसरा कांदा घेत होता. खरा शेवट यायला अजून पस्तीस मिनिटं होती. शेवटी आचाऱ्याने दाढी काढली आणि तेच वाक्य बोलला, तेव्हा सगळं थिएटर गहिवरलं, एक दादा सोडून. बाहेर आल्यावर त्याने एवढंच विचारलं, की तुला आधी कसं कळलं. मी म्हणालो, अंदाज. कांदा चिरायच्या पद्धतीवरून. हे मी का म्हणालो ते मला आजतागायत सांगता येत नाही, पण दादाने ते मानलं होतं. भाऊ हुशार आहे याचं त्याला थोडं कौतुकही वाटलेलं असावं. चहा त्यानेच पाजला.

खरा घोटाळा शुक्रवारी झाला. आपल्या निवृत्त हेडबाई दुकानात आल्या. त्यांनी लग्न केलेलं नाही आणि त्यांच्यासमोर सगळं गाव अजून हात मागे बांधून उभं राहतं. बुधवारी मी त्यांना नवा चष्मा डबीत घालून दिला होता, बरोबर नंबरचं कार्ड. त्यांनी ते कार्ड दादासमोर काऊंटरवर पालथं ठेवलं आणि म्हणाल्या, "हे अक्षर कोणाचं?" कार्डाच्या एका बाजूला हेडबाईंचा नंबर होता. दुसऱ्या बाजूला माझ्या अक्षरात लिहिलं होतं: मीच तुझा नवरा, दाढीमुळे ओळखलं नाहीस, इतकी वर्षं जवळ असून गप्प राहिलो, आता राहवत नाही. दोन ठिकाणी त्यांनी लाल शाईने खुणाही केल्या होत्या. मी मागे मशीनवर होतो. मशीन बंद केलं, उठलो आणि हात मागे बांधून उभा राहिलो.

हेडबाईंची समजूत दादानेच घातली, हे मी कबूल करतो. हे एका चित्रपटातलं वाक्य आहे, माझ्या भावाला असली वाक्यं लिहून ठेवायची खोड आहे, त्याच्या मनात तुमच्याविषयी आदराशिवाय काहीही नाही. बाईंनी चष्म्यातून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. (नंबर बरोबर निघाला आहे, असं मला तेवढ्यातही वाटून गेलं.) "दाढीही नाही," असं म्हणून त्या गेल्या. दादाने कार्ड उचललं आणि पुन्हा वाचलं. कार्डावर काहीही लिहायच्या आधी वर तारीख घालायची सवय मला त्यानेच लावलेली. चित्रपट आम्ही गुरुवारी पाहिला होता. कार्डावर त्या आधीच्या मंगळवारची तारीख होती. "म्हणजे मंगळवारी," दादा म्हणाला. तो माझ्याशी बोललेला शेवटचा शब्द.

मंगळवारी दुपारी मी घाऊकवाल्याकडे काचा आणायला जातो, असं सांगून निघतो. तेव्हापासून दादाची अशी समजूत झाली आहे, की मी दर मंगळवारी चित्रपट आधी एकटा बघतो, सुखाने, पाय पसरून, कोणाच्या कानाला न लागता, आणि गुरुवारी केवळ कर्तव्य म्हणून त्याच्या शेजारी बसतो. सव्वीस वर्षांनी भावाला आपला कंटाळा आला, असं त्याला वाटतं. हे त्याने मला सांगितलेलं नाही. त्याने ते एका शिंप्याला सांगितलं, जो फक्त नाकावरचं पॅड बदलायला आला होता.

दुकानात आता कसं चालतं ते ऐका. दादा पुढे काऊंटरवर, मी मागे, पाठीला पाठ लागेल एवढीच जागा. त्याला मला काही सांगायचं असेल तर तो गिऱ्हाइकाला म्हणतो, मागच्या गृहस्थांना विचारा, तुमच्या काचा झाल्या का. गिऱ्हाईक मला विचारतं. मी म्हणतो, पुढच्या गृहस्थांना सांगा, उद्या होतील. गिऱ्हाईक सांगतं, पण दादाला ऐकू येत नाही. पूर्वी मी मागून ओरडून सांगायचो. आता मला बोलता येत नाही, म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, जरा डावीकडे जाऊन मोठ्याने सांगा. दोन माणसांनी तर चष्मा न घेताच पळ काढला. गुरुवारी तीन वाजता मी घरी बसतो. आमची ही म्हणते, अंगात बरं नाही का. अंगात बरं आहे, पण त्या वेळेला काय करायचं हे मी कधी शिकलोच नाही. दादाही घरीच असतो असं तुम्ही हिला सांगितलंत. अकरा गुरुवार वाया गेले, वहिनी. मला त्याचं फार वाईट वाटतं.

तेव्हा, चित्रपट हे असे आहेत. लिफ्टचा चांगला, धुक्याचा नंतर, घड्याळजीचा डोळे मिटूनही चालेल, बोटीचा बाद. डोळ्यात थेंब वेळेवर घाला. तुमचा, तुम्हालाच सगळं सांगणारा,

धाकटा दीर

ता. क. १. जवाचं पाणी आता पाठवू नका. दर मध्यंतराला मी वीस मिनिटं संडासात जाऊन बसतो, यावरून दादाने माझ्या मूत्राशयाविषयी जे अनुमान काढून तुम्हाला सांगितलं, ते चूक आहे. मी तिथे कार्डं पाठ करत होतो. दोन वर्षं घेतलेल्या जवाच्या पाण्याने मात्र आता खरोखरच जावं लागतं.

ता. क. २. कार्डं पाठ का करत होतो, हे पत्रात लिहायचं राहिलं. त्या मशीनवर आता मलाही अकरा वर्षं झाली. माझा डावा कान दोन वर्षांपूर्वी गेला, उजव्यात थोडं पडतं. आमच्या खुर्च्यांवरून मला पडद्यावरचं काहीच कळत नाही. मंगळवारी मी पहिल्या रांगेत, स्पीकरच्या अगदी खाली बसायचो, मान मोडेपर्यंत वर पाहायचो आणि सगळं नंबरच्या कार्डांमागे लिहून घ्यायचो, म्हणजे गुरुवारी दादाला सांगता येईल. त्या गुरुवारी शेवटचं कार्ड हेडबाईंच्या डबीत गेलं होतं, म्हणून आठवणीवर गेलो आणि चुकलो. हे दादाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग जायचंच कशाला. म्हणून नाही सांगितलं.

ता. क. ३. तुम्हाला खरा सुचवायचा चित्रपट पाचवा आहे. तो कशाचा आहे ते मला ठाऊक नाही. पुढच्या गुरुवारी लागतो, तोवर तुमची पट्टी सुटलेली असेल. तीन तिकिटं काढली आहेत. तुम्ही मध्ये बसायचं. तुमच्या उजव्या हाताला दादाचा डावा कान येतो आणि डाव्या हाताला माझा उजवा. शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्या तुम्ही आपल्या घरातून मोजता, तेव्हा हे तुम्हाला जड जाऊ नये. दोन्हीकडे सारखंच सांगा, एवढीच विनंती आहे.

ता. क. ४. दादा, येत्या मंगळवारी मी दिवसभर दुकानातच आहे. मागे वळून पाहिलंस तरी चालेल.