शेवटच्या बीमचं कापड

९ नोव्हेंबर, रविवार
आज सुई हातात घेतली. वय एकसष्ट. हसणाऱ्यांनी हसून घ्यावं. पहिला नंबर बायकोने, शोभाने लावलाच.

झालं असं की शो. मंगळवारी मोरीत घसरली. उजवा हात प्लास्टरमध्ये, सहा आठवडे. इकडे पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, डॉक्टरांनी दहा डिसेंबर सांगितलीय, आणि बाळाच्या गोधडीला अजून एक टाका नाही. शो. रडकुंडीला आली. "पयला नातवंड आन् इकतची गोधडी?"

मी म्हणालो, "त्यात काय एवढं! पस्तीस वर्षं लूम चालवलाय. मी करतो."

बोलून बसलो. पल्लवी म्हणते, "बाबा, तुमच्या शर्टाचं बटण कोण लावतं?" शेवटी आईचीच लेक.

१० नोव्हेंबर
कापडावरून वाद. शो.ने जुन्या सुती साड्यांचा ढीग काढून दिला. माझ्या डोक्यात वेगळंच. कपाटात वरच्या खणात ते तीन मीटर ठेवलंय. मार्चमध्ये कारखाना बंद झाला, लूम भंगारात गेले, आता तिथे गोडाऊन आहे. ताण्याच्या सुताचा शेवटचा बीम लूमवरून उतरला तेव्हा मालकाला विचारून कापून घेतलेलं. माझ्या हातचं शेवटचं कापड. तेव्हापासून घडी मोडली नव्हती.

शो. : "कोरा कापड बालाच्या अंगाला न्हाय लावायचा. जुनेर पायजे. वापरून वापरून मऊ झालेला."
मी : आत जुनेर, वर माझं.
शो. : "करा तुमचा."
हे "करा तुमचा" मला चांगलं माहीत आहे. तरी केलं.

१२ नोव्हेंबर
जमिनीवर पसरलं. खाली तिची एक साडी, मध्ये दोन साड्यांच्या घड्या, वर माझं कापड. शो. खुर्चीवर, प्लास्टर मांडीवर, आमची मुकादम. आधी मोठे कच्चे टाके घालून थर एकत्र धरायचे. मग कडेपासून धावदोरा, चारी बाजूंनी, फेरी पूर्ण झाली की बोटभर आत दुसरी. असं करत शेवटी मध्यावर. "मदी घाई केली का झोल पडतो," इति मुकादम.

सवय जात नाही, इंचात किती टाके ते मोजले. तिच्या जुन्या गोधडीत सात. माझे तीन. तेही एक लांब, एक आखूड. लूमवर असा माल निघाला असता तर मीच बाजूला काढला असता.
पण काय मजा येते! सुई आत जाते, वर येते, लूममधल्या धोट्यासारखीच. फक्त आवाज नाही.

१५ नोव्हेंबर
बोटाला सात भोकं. अन्वरभाई आला, माझ्या शेजारचे लूम त्याच्याकडे होते. त्याला बघून उठायला गेलो तर अख्खी गोधडी माझ्याबरोबर उठली. लुंगीसकट शिवली होती. तो भिंतीला टेकून हसत होता. "उस्ताद, आप तो खुद भी सिल गए!"
शो. हसता हसता हात दुखला म्हणून ओरडली, मग परत हसली. अर्धी फेरी उसवली.
संध्याकाळी अन्वरभाई परत आला, सुई टोचू नये म्हणून बाजारातून अंगुस्तान घेऊन. बोटात बरोबर बसतं. मोठा माणूस.

१९ नोव्हेंबर
आज दोन फेऱ्या! इंचात चार टाके. पाचसुद्धा, कोणी बघत नसेल तर.
पल्लवी शेजारी बसून विचारते, "बाबा, एवढी धडपड कशाला? बाजारात मिळते की." हसण्यावारी नेलं.

इथे लिहितो. ती जन्मली तेव्हा मी ड्युटीवर होतो. शिफ्टमधला जोडीदार गावी गेलेला, लूम उभे ठेवायचे नाहीत म्हणून डबल शिफ्ट. तिसऱ्या दिवशी गेलो तर पोरगी शो.च्या हातच्या गोधडीत गुंडाळलेली, गाढ झोपेत. शो. त्यावर कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. लाज वाटते अजून. या वेळी बाळ येईल तेव्हा माझ्या हातचं काहीतरी तयार पाहिजे, आणि मी तिथे पाहिजे. बस.

२४ नोव्हेंबर
घात केला. माझा मीच.

कापडाला कांजीचा आणि तेलाचा वास होता. मला तो कधी वास वाटलाच नाही, पण पल्लवीने नाक मुरडलं. बाळाला नको म्हणून दुपारी शो. झोपलेली असताना गोधडी कोमट पाण्यात घातली. बारा फेऱ्या झालेल्या. पिळून वाळत टाकली आणि खुशाल चहा करून प्यायलो.

वाळली तेव्हा भाजलेला पापड. वरचं कापड आटलं, खालची साडी तेवढीच, कडा वळलेल्या, सगळीकडे चुण्या.
संध्याकाळी शो. गॅलरीत आली. बघितलं. ओरडली नाही.
"तुमी जल्मभर कापड इनला. कदी धुतला का?"

नाही धुतलं. पस्तीस वर्षांत एकदाही नाही. लूमवरून कापड उतरायचं, घडी व्हायची, ट्रकमध्ये जायचं. पाण्यात पडल्यावर ते काय करतं ते बघायला आम्ही कुठे होतो?
जेवलो नाही.

२५ नोव्हेंबर
दिवसभर उसवलं. बारा फेऱ्या, बारा दिवसांचं काम. पल्लवीने पोटावर ताट ठेवून त्यात धागे गोळा केले. मध्येच म्हणाली, "बाबा, आत लाथा मारतोय. घाई करा म्हणतोय." मारतोय की मारतेय, कोण जाणे. पण निरोप पोचला.

वरचं कापड सुटं झाल्यावर गालाला लावलं. कांजी पार गेलेली. मी विणलेलं कापड इतकं मऊ असतं? हे मला एकसष्टाव्या वर्षी कळतंय!

२८ नोव्हेंबर
नवी अडचण. कापड आटून लांबीला वीतभर कमी पडतंय. जोड लावायला हवी. मी शो.च्या साड्या उलथ्यापालथ्या करत होतो. ती आत गेली आणि डाव्या हाताने माझे दोन ड्युटीचे शर्ट घेऊन आली. निळे, कोपरावर विरलेले. मी भांडी पुसायला टाकलेत समजत होतो.
"ह्याच्यापरीस मऊ काय हाय आपल्या घरात?"
"तेलाचे डाग आहेत."
"मी धुतलेत. पस्तीस वरसं मीच धुतलेत."
पट्ट्या फाडल्या. कापल्या नाहीत, फाडल्या. तिने एक टोक डाव्या हातात धरलं, दुसरं मी. सरळ फाटत गेलं.

३ डिसेंबर
पुन्हा नऊ फेऱ्या. सकाळी सहाला उठून बसतो, चहा थंड होतो. इंचात पाच टाके, सगळे सारखे! शो.ने गोधडीवर हात फिरवला, चष्मा न लावता. "हितं चुकला," एका जागी बोट ठेवून. खरंच चुकलं होतं. बाकी ठिकाणी बोट थांबलं नाही. ही माझी पगारवाढ समजतो.
अन्वरभाई निळी पट्टी बघून म्हणाला, "ये तो अपनी वर्दी है, यार." आणि बराच वेळ ती चिमटीत धरून बसला.
आता आठ फेऱ्या राहिल्या. रोज दीड केली तरी दहाच्या आत. जमतंय! जमणार!

९ डिसेंबर, मंगळवार
सकाळी साडेअकरा. दवाखान्यातला बाक. वहीत नाही, पल्लवीच्या फाइलीतल्या कोऱ्या कागदावर लिहितोय.

एक दिवस आधीच. पहाटे कळा सुरू, रिक्षा, सगळी धावपळ. जावई पडघ्याहून निघालाय, ट्रकच्या रांगेत अडकलाय. गोधडी पिशवीत घातली होती. बाकावर बसून शिवत होतो, शो. शेजारी. बायका येता-जाता बघत होत्या, बघू देत.

मगाशी सिस्टर दार उघडून म्हणाली, "बाळासाठी मऊ सुती कापड द्या. धुतलेलं. नवंकोरं नको."
शो.च्या पिशवीत सगळं दुकानातलं, पाकिटबंद. तिने माझ्याकडे बघितलं.
मी म्हणालो, "पुरी नाही झाली अजून. मधला वीतभर राहिलाय."
शो. म्हणाली, "द्या. धुतलेली हाय. मदला मग शिवा."

धागा तोडला, सुई काढली, दोनदा हात फिरवून दुसरी नाही ना ते बघितलं. सिस्टर घेऊन गेली. जाताना निळी पट्टी दिसली.

आता आत कोणीतरी रडतंय. आत दोघी आहेत, आपलं की दुसरीचं ते कळत नाही. शो. म्हणते, बसा. बसवत नाहीये. सुई बोटात तशीच धरलीय, खाली टाकली तर कुणाच्या पायात जाईल. दाराकडे बघत लिहितोय, अक्षर वाकडं येतंय. पण या वेळी मी इथे आहे.