अर्ज क्रमांक एकेचाळीस

नाशिक,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप गोजराताईस,
तेजस्विनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

चार वर्षांनी माझे पत्र येते आहे, तेही फोन हाताशी असताना, याचे तुला आश्चर्य वाटेल. फोनवर मला बोलता आले नसते. लिहिताना निदान खोडता येते. तू, दाजी आणि ओम खुशाल असाल, अशी आशा करते. ओम यंदा बारावीला असेल, की बारावी झाला? मला नक्की ठाऊक नाही, आणि मावशीला हे ठाऊक नसणे लाजिरवाणे आहे. इकडे थंडी सुरू झाली आहे. माझी प्रकृती ठीक आहे. गुरुवारपासून अन्न जात नाही, एवढेच.

मार्चपासून मी एका नव्या संस्थेत काम करते, हे तुला ठाऊक आहे. कसे ठाऊक झाले, त्यावर येतेच. गरीब कुटुंबांना सरकारी योजनांतले जे मिळायला हवे ते कोणत्या कागदापाशी अडले आहे, हे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने शोधायचे, हे संस्थेचे काम. माणसे निवडायची आणि त्यांचे नियम ठरवायचे, हे माझे. मी आले तेव्हा तिथे नियम असे नव्हतेच. मंडळी ‘बघू, करू’ म्हणत गरिबी हटवायला निघाली होती. मी सहा महिन्यांत एकशे बारा पानांची नियमावली लिहिली. तीत चूक काढून दाखवावी, असे मी सर्वांना सांगत असे.

लासलगावच्या बाजूला आठ गावसखी नेमायच्या होत्या. घरोघर जायचे, माणसांचे ऐकून घ्यायचे, कागद जुळवायचे, असे ते काम. एकाहत्तर अर्ज आले. वशिला चालू नये म्हणून मी नाव, गाव, आडनाव सगळे झाकले आणि प्रत्येकीला फक्त क्रमांक दिला. अर्जदारांनी फोनवर तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची, यंत्राने त्यांचा शुद्ध मराठीत सारांश करायचा आणि तो वाचून मी गुण द्यायचे. आवाज ऐकायचा नाही, कारण आवाजावरून माणूस ओळखू येतो. हे वाक्य माझे आहे. नियमावलीच्या चौतिसाव्या पानावर आहे.

दिवाळीआधी त्रेसष्ट जणींना नकाराची पत्रे गेली. प्रत्येक पत्रावर फक्त क्रमांक आणि खाली माझी सही होती.

चार दिवसांनी आमची तंत्रज्ञ सृष्टी हसत माझ्याकडे आली. “मॅडम, नाकारलेल्या एका ताईंचा निरोप आलाय. म्हणतात, मॅडमना सांगा, पत्र लय झाक लिव्हलंय, कुटं बोट ठेवाया जागा नाय.” मी खूश झाले. तो निरोप मी सोमवारच्या बैठकीत सर्वांना ऐकवला आणि वर म्हणाले, “नकारसुद्धा नेटका असावा.” सगळे हसले.

ताई, ती चपराक होती का? की तू खरोखरच कौतुक केले होतेस? तीन दिवस झाले, मला ठरवता आलेले नाही. चपराक असेल तर सोसेन. कौतुक असेल तर सोसवणार नाही.

गुरुवारी दुपारी सृष्टी पुन्हा आली. या मुलीचे टेबल नेहमी पसरलेले असते. तिच्याविषयी माझे मत फारसे चांगले नव्हते. म्हणाली, “यंत्र घोळ घालतंय, मॅडम. गावाकडचं बोलणं आलं की अर्धं गाळतं आणि उरलेल्याला इस्त्री करतं. हे एकेचाळीस नंबरचं ऐका.”

“नियमात बसत नाही,” मी म्हणाले.

“मग नियमाला पाच मिनिटं बाहेर बसवा,” असे म्हणून तिने हेडफोन माझ्या कानांवर ठेवले.

आधी खोकला ऐकू आला. बोलण्याआधी तू खोकतेस तसा. मी तिथेच ओळखले. उठावेसे वाटले, पण हेडफोन तसेच ठेवले.

प्रश्न माझाच होता: कोणाला तिच्या हक्काचे मिळवून दिल्याचा एक प्रसंग सांगा. आणि तू सांगत होतीस:

“आमच्या धाकलीनं मोठ्या शाळंची परीक्षा दिली व्हती, ऱ्हायाची शाळा. यादीत तिचं नाव नाय आलं. मास्तर म्हन्ले, नापास झाली आसंल. म्या म्हन्लं, ती नापास व्हायची नाय, तुमचा कागद नापास झाला आसंल. मंग गिरनाऱ्याहून झेंडूच्या टेम्पोत बसून नाशकाला गेले. पयल्यांदा म्हन्ले, सायेब नाय. दुसऱ्यांदा म्हन्ले, फाईल नाय. तिसऱ्यांदा दारातच फतकल घातलं. म्हन्लं, आता सायेबाला घरी जायचं आसंल तर माझ्यावरून पाय टाकून जाईल. मंग काढला बाबा गठ्ठा. जन्मसाल चुकलेलं, म्हनून बाद केल्यालं. तिला आजून ठावं नाय. आमचे आण्णा म्हन्ले, सांगू नको, पोरीचा तोरा उतरंल. म्या म्हन्लं, ऱ्हाऊ द्या तोरा, तोऱ्यावरच शिकंल ती.”

आणि तू हसलीस. ध्वनिफितीत ते हसणे स्पष्ट आहे. यंत्राने ते गाळले.

यंत्राचा सारांश एका ओळीचा होता: ‘उमेदवाराने धाकट्या बहिणीच्या शाळाप्रवेशासाठी कार्यालयात पाठपुरावा केला.’ त्याखाली माझा शेरा: ‘प्रसंग घरगुती. शासकीय प्रक्रियेची समज दिसत नाही. दहापैकी तीन.’ अक्षर सुंदर आहे, ताई. मी ते तीनदा वाचले.

हेडफोन काढले तेव्हा सृष्टीने विचारले, “ओळखीच्या आहेत का?” मी मान हलवली, पण होकारार्थी की नकारार्थी, मलाच कळले नाही. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला.

येथे थांबता आले असते. पण आणखी एक शेरा आहे, आणि तो लिहायचा टाळण्यासाठीच मी एवढा वेळ थंडीचे आणि नियमांचे लिहीत बसले आहे.

अर्जात शिक्षणाच्या रकान्यात तू लिहिले होतेस: ‘दहावी. बीजगणिताला गैरहजर.’ मी ‘गैरहजर’ या शब्दाखाली तांबडी रेघ मारली आणि समासात लिहिले: ‘कारण दिलेले नाही. जबाबदारीच्या जाणिवेबद्दल शंका.’

शुक्रवारी सकाळी मी माझ्या प्रवेशाचा मूळ कागद काढला. माझे सगळे कागद क्रमाने लावलेले असतात. त्यावर शिक्का आहे: ‘दुरुस्ती मान्य, १२ मार्च १९९६.’ हा शिक्का मी शेकडो वेळा पाहिला आहे. कसली दुरुस्ती, असे एकदाही मनात आले नाही. ती तारीख तुझ्या परीक्षेच्या आठवड्यातली आहे. घरात सगळे म्हणत, बीजगणिताच्या पेपरच्या दिवशी गोजराला ताप होता. पण मी अकरा वर्षांची होते आणि ओट्यावर बसले होते. तू संध्याकाळी शाळेच्या गणवेशात आलीस. तुझ्या वेणीत झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या. तापलेले माणूस झेंडूच्या टेम्पोत बसत नाही, एवढे मला तेव्हाही कळत होते. मी विचारले नाही, कारण तू आल्या आल्या म्हणालीस, “पास झालीस गं तेजू,” आणि मग मला दुसरे काहीही ऐकायचे नव्हते.

पुढे मीच तुला चारचौघांत ‘आमची दहावी नापास’ म्हणत आले. आणि माझ्या वास्तुशांतीला, साहेबांच्या बायकोने तुझ्याकडे पाहून “या कोण?” असे विचारले, तेव्हा मी म्हणाले, “या आमच्या गावाकडच्या.” बहीण म्हणाले नाही. तू भरल्या ताटावरून उठली नाहीस, सगळे जेवलीस, माझ्या हातावर आहेराची साडी ठेवलीस आणि गेलीस. तू ऐकले नसशील, असे मी चार वर्षे स्वतःला सांगत होते.

आता कामाचे. आमच्या संचालिका मंजुषाबाईंना मी सगळे सांगितले. आठ नेमणुका तोवर थांबवून त्रेसष्टही जणींना पुन्हा बोलावणार आहेत. या वेळी यंत्र नसेल. समोर बसून ऐकणारी तीन माणसे असतील. माझ्याच नियमाप्रमाणे पदाधिकाऱ्याच्या नातेवाइकाला संस्थेत घेता येत नाही, म्हणून मी शुक्रवारी राजीनामा दिला. मंजुषाबाई म्हणाल्या, “इतकं टोक कशाला? त्यांची निवड होईलच असंही नाही.” मी म्हणाले, “तिची वाट माझ्या नात्याने अडायला नको.” याला त्याग समजू नकोस. ज्या बाईला सख्ख्या बहिणीचा प्रसंग घरगुती वाटला, तिने लोकांची माणसे निवडू नयेत, एवढेच मला कळले आहे.

तुझी मुलाखत मंगळवारी, २५ तारखेला, सकाळी अकरा वाजता, लासलगावला. पत्ता मागे लिहिला आहे. कांदा निवडायला त्या दिवशी जाऊ नकोस. मी नऊ वाजता तुझ्या दारी येईन. तू आत घेतले नाहीस तरी मी तिथेच बसेन. मला घालवायचे असेल तर तुला माझ्यावरून पाय टाकून जावे लागेल. तिथे मी आत येणार नाही. तुझे झाले की बाहेर भेट.

ताई, या वेळी माझ्यासाठी गैरहजर राहू नकोस.

दाजींना नमस्कार. ओमला काय सांगायचे, ते समोर आले की ठरवीन.

तुझीच, गावाकडची,
तेजू