अकरा वाजताचे पाहुणे

रेथिम्नो, १४ ऑक्टोबर

प्रिय सिफी,

परवा फोनवर तू म्हणालास, "मानूसा, तू होतास म्हणून बाबा वाचले." मी म्हणालो, "त्यात काय." तेव्हापासून ते दोन शब्द पाठ सोडत नाहीत. म्हणून आज गाडी काढली नाही, लिहायला बसलो.

आधी काकांची, म्हणजे तुझ्या बाबांची, प्रकृती. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. नाताळपर्यंत काठी घेऊन चालतील, असं डॉक्टर म्हणतात. काल नर्सला विचारत होते, "पोरी, हे सूप केलंय कोणी? पाठव त्याला माझ्याकडे, मीठ कशाला म्हणतात ते दाखवतो." तेव्हा जीभ शाबूत आहे, काळजी नको.

तू मेलबर्नला गेल्यावर मी पर्यटकांची सहल सुरू केली, हे तुला माहीत आहे. पण ती कशी चालते, ते कधी सांगितलं नाही. आठ माणसांची गाडी, एप्रिल ते ऑक्टोबर, आठवड्यातून चार दिवस. सकाळी आर्कादीचा मठ, मग डोंगरातल्या वळणांनी थ्रोनोसचं चिमुकलं चर्च, अकरा वाजता आपलं गाव, दुपारी स्पिली. शाळा चौदाव्या वर्षी सुटली, पण पाद्रीबाबांच्या कपाटातलं एकही पुस्तक मी सोडलं नाही. स्पिलीच्या कारंज्याला पदवीवाले गाईड एकोणीस सिंह सांगतात. मी लोकांना उभं करून मोजायला लावतो. पंचवीस भरतात.

आणि अकरा वाजता तुझ्या घरचं अंगण. पहिल्यांदा गेलो ते योगायोगाने, गाडीचं इंजिन तापलं म्हणून. काकांनी रकीची बाटली काढली, चीज कापलं, ऑलिव्ह, मधातले अक्रोड. पाहुणे हरखून गेले. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम गेलो. मग ते माझ्या पत्रकातच छापलं: क्रीटच्या घरचा पाहुणचार. मी मठाची सनावळी सांगत बसलो की काका ओरडायचे, "मास्तर, मेलेल्यांचं पुरे झालं, जिवंतांचे ग्लास रिकामे आहेत." सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचो.

एकदा एका जर्मन बाईने बशीखाली नोट ठेवली. ती मी स्वतः उचलून तिच्या हातात परत दिली. दुसरीने कॉफीचं पाकीट आणलं होतं, ते गाडीतच ठेवायला लावलं. मी त्यांना समजावायचो की इथे दाराशी आलेल्या परक्याचं काही घेणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर मारणं. अक्षर न् अक्षर खरं आहे ते. फक्त आपली ही रीत वाट चुकून आलेल्या परक्यासाठी आहे, आणि मी तिला वेळापत्रक लावलं. आठ माणसं, आठवड्यातून चार वेळा, तीन वर्षं. "आज नको रे" हे शब्द काकांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं, हे माझ्याइतकं चोख कोणाला ठाऊक होतं?

ऑपरेशनच्या दिवशी त्यांचे कपडे आणायला घरी गेलो आणि कोठीचं दार उघडलं. तेलाचा रांजण कोरडा. चीजच्या फळीवर नुसते गोल डाग. चुलीवरच्या पातेल्यात उकडलेला रानपाला, वर तेलाचा थेंबसुद्धा नाही. शेजारची आर्गिरोमावशी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "विद्वाना, सतराशे सनावळ्या पाठ आहेत तुला. म्हाताऱ्याच्या घरात काय उरलंय, ते नाही का कोणत्या पुस्तकात लिहिलं? उन्हाळाभर हाच पाला खातोय तो." मी सदऱ्यांच्या घड्या घालत राहिलो.

सिफी, मी तुला जिना सांगितला, पण काका जिन्यावरून पडले नाहीत. त्या सकाळी घरात पाहुण्यांपुढे ठेवायला काहीच नव्हतं. अकराच्या आत निदान ताजे अक्रोड हवेत म्हणून ते एक्याऐंशीव्या वर्षी फळं झोडायची काठी घेऊन झाडावर चढले. मी आठ माणसांसह अंगणात शिरलो, तेव्हा झाडाखाली पडले होते. तशातही पाहुण्यांना म्हणाले, "बसा, बसा." मग माझा हात धरून खाली ओढलं. "सिफीला जिना सांग. घरात पाहुण्याला द्यायला काही नव्हतं हे बाहेर गेलं, तर या गावात तोंड कसं दाखवू? आईची शपथ घे." मी घेतली. खरं सांगू, घेताना मला सुटल्यासारखं वाटलं. जिना म्हटल्यावर माझं नाव कुठेच येत नव्हतं.

आता तू म्हणतोस, त्या जिन्याच्या घरात बाबांचा आता निभाव लागणार नाही, घर विकतो आणि त्यांना मेलबर्नला नेतो. काकांनी हो म्हटलं, म्हणून तू खूश आहेस. ते हो का म्हणाले, ते मला माहीत आहे. नाही म्हणायचं तर झाड सांगावं लागेल, झाड सांगितलं की कोठी सांगावी लागेल. काल मी गेलो तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडले होते. एवढंच विचारलं, "तिकडे कोणी न सांगता दारात येतं का रे?" म्हणून शपथ मोडतोय. तो जिना ते रोज दहा वेळा चढत होते, कठड्याला हात न लावता. घर विकू नकोस. अंगणातली माझी सहल कायमची बंद केली आहे, पत्रकही जाळलं. कोठी मी भरेन, पण ते माझ्या हातून घेतील की नाही, सांगता येत नाही. कदाचित माझ्याशी कधी बोलणारही नाहीत. काकांना त्यांच्या घरी राहू दे. मला तुझ्या मनात राहू द्यायचं का, ते तू ठरव.

अजून तरी तुझाच,
मानूसोस