गाडी लावायला गेलेला भाऊ

गुरुवार, दुपार

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं बरं आहे. मोरीतला नळ गळत होता, तो दुरुस्त करून घेतला. शेजारीण माझं शिलाई मशीन अधूनमधून फिरवते, गंज चढू नये म्हणून. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तिच्याच हाती पाठवते आहे.

तुझा राग मला ठाऊक आहे. "एवढं ऑपरेशन करून गाठ ठेवून आलीस?" म्हणालास आणि दवाखान्यातून तरातरा निघून गेलास. अरे, गाठ कवटीच्या तळाशी, डोळ्यामागे. बरीचशी काढली. उरलेला पापुद्रा डोळा हलवणाऱ्या नसेला आणि मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलाय. डॉक्टरीणबाईंनी आधीच विचारलं होतं, "ओढून काढला तर डोळा जाईल, कदाचित जीवही. ठेवला तर नंतर रेडिएशनचे किरण द्यावे लागतील." जुन्या रेशमाला चिकटलेलं अस्तर मी जन्मात कधी ओढलं नाही. म्हटलं, राहू द्या. तुला न विचारता म्हटलं, एवढं खरं.

किरण म्हणजे इस्त्री, फिरवली की सुरकुती गायब, अशी माझी समजूत. गल्लीभर तसं सांगूनही टाकलं. किरण देणारी बाई हसली. "मावशी, गाठ गायब नाही व्हायची. वाढायची थांबली तरी आपण जिंकलो." मग गल्लीभर पुन्हा सांगत फिरले. चांगली शोभा झाली.

तिथे जाळीचा मुखवटा असतो, माझ्याच चेहऱ्यावर बेतलेला. फिटिंगला नाव ठेवायला जागा नाही. तो घालून टेबलाला खटाखट अडकवतात, डोकं तसूभरही हलू नये म्हणून. चष्मा काढावा लागतो. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "सोबत कोण आहे? चष्मा कोणाकडे देऊ?" म्हटलं, "भाऊ गाडी लावायला गेलाय." तेव्हापासून रोज हेच. चष्मा तिच्या खिशात. परवा म्हणते, "मावशी, भावाला जागा सापडेना का? एव्हाना पेट्रोल संपलं असेल!"

मशीनवर नाही, पण हातशिवण जमतंय. सुया दोन दिसतात, पण खरी कोणती ते बोटांना कळतं.

काल मुखवटा अडकवला आणि मी हात वर केला. काढा म्हटलं. दुखत काही नव्हतं. उठले, चप्पल घातली, घरी आले. आज गेलेच नाही. डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मध्येच सोडलं तर राहिलेली गाठ वाढेल आणि वाचवलेला डोळा घेऊन जाईल, म्हणाल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

सोमवारी सकाळी बोलावलंय. किरणांची खोली तळघरात आहे, बाहेर एक बाक आहे. मला समजावू नकोस, धीरही देऊ नकोस. राग आणलास तरी चालेल. चष्मा धरून बस, बस्स.

गाडी लावून झाली असेल, तर आता खाली ये.

तुझी वाट बघणारी,
ताई