सातशे साठची कपाटं

सोमवार, ३ मार्च

अडतीस कपाटं. अडतीसच्या अडतीस आखूड!

दवाखान्याची ऑर्डर. उंची ७६० मिलीमीटर हवी होती, कापली ७२०. वरचे दगडी कट्टे तिथे आधीच बसलेत, म्हणजे मधे चार सेंटिमीटरची फट. सुतारकाकांनी एक फळी माझ्यासमोर उभी धरली. "लांब असती तर कापली असती, बाई. आखूड फळी काय ओढून लांब करू?" सगळे हसले.

मालकांनी विचारलं, ड्रॉइंग कुणाचं? माझं. पण मी ७६०च टाकलं होतं. दोनदा तपासलं होतं. मी तपासतेच, म्हणून तर माझ्याबरोबर ड्रॉइंग करणारी ताई मला 'मिलीमीटर' म्हणते.

आणि ताईच म्हणाली, "शेवटचं हिनेच उघडलं होतं."

माझ्याकडे न बघता म्हणाली. जिने मला माउस धरायला शिकवलं, ती! दोन वर्षं आम्ही एकाच कॉम्प्युटरवर बसतोय — सकाळी ती, दुपारी मी. शेवटचं मी उघडलं हे खरं. पण फक्त कापणीची यादी छापायला. तेव्हा माप पुन्हा बघितलं नाही, हेही खरं.

मालक म्हणाले, तुझं कायम करण्याचं पत्र सध्या राहू दे.

ते टाइप झालेलं मी पाहिलंय. आईने शेजारच्या तीन घरांत सांगूनही टाकलंय. आजवर आमच्याकडे छापील कागद आला तो घर रिकामं करायचाच.

मंगळवार, ४ मार्च

ताई म्हणाली, "चहा घेतेस?" जणू काही घडलंच नाही! नको म्हटलं. मग दिवसभर डोकं ठणकलं.

बुधवार, ५ मार्च

क्रमाने लिहिते.

सॉफ्टवेअर महिनाभर त्रास देतंच होतं. रेषा गायब होतात, मधेच बंद पडतं. आज सकाळपासून चारदा पडलं. मालक वैतागले. "काढून टाक ते आणि नवं घाल. ते काम तरी नीट कर." ते 'तरी' मला लागलं.

कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस भला होता. म्हणाला, यादीतून काढलं म्हणजे गेलं असं समजू नका. लपलेले फोल्डर उघडायचे, त्याच्या नावाचं जे जे राहिलं असेल ते पुसायचं, कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा, मगच नवं घालायचं. "जुनं काही उरलं तर नवं त्यालाच चिकटतं, मॅडम." मॅडम! मी सगळं वहीत उतरवून घेतलं.

लपलेल्या फोल्डरमध्ये एक फाइल मिळाली. नुसत्या नोंदी. तारीख, वेळ, कोण बसलं होतं, काय बदललं. दवाखान्याचं ड्रॉइंग शोधलं.

२१ फेब्रुवारी — माझं नाव, उंची ७६०.

२५ फेब्रुवारी, सकाळी ११.४० — ताईचं नाव. उंची ७६० ची ७२०.

वाचलं. पुन्हा वाचलं. बोटाने ओळ धरून वाचलं, शाळेत वाचायचे तसं.

तिनेच बदललं. आणि बोट माझ्याकडे दाखवलं.

गुरुवार, ६ मार्च

पुसायचं काम तसंच ठेवलंय. पुसलं तर नोंदही जाईल. फोटो काढून घेतलाय.

दाखवू की नको? ताईच्या घरी मी जेवलेय. तापात पडले होते तेव्हा माझं काम तिने केलं आणि कुणाला कळू दिलं नाही. मग आता असं का? मी कायम झाले तर तिचं काय जातं? की तिला वाटतं, एका खुर्चीला दोघी कशाला?

आईला सगळं सांगितलं. तिला कॉम्प्युटरचं काही कळत नाही, पण माणसाचं कळतं. तिने भाजीची जुडी पुढे ओढली. मग म्हणाली, "ती तुला धाकटीसारखं बघायची ना गं? आधी तिला विचार."

विचारू काय? आणि ती पुन्हा सरळ तोंडाने खोटं बोलली तर?

शुक्रवार, ७ मार्च

दाखवलं. ताईला न विचारता, थेट मालकांना.

त्यांनी तिला आत बोलावलं. स्क्रीनवर ती ओळ. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मी उघडलं होतं, साहेब. दारांची संख्या बघायला. माप बदललं नाही मी."

"मग कुणी बदललं? भुताने?"

ताई माझ्याकडे वळली. रागावली असती तर बरं झालं असतं. "मिलीमीटर, मला विचारायचंस तरी." एवढंच. सोमवारी तू विचारलं होतंस का मला? असं म्हणायचं होतं.

मालक म्हणाले, चूक झाली तर चालते, दुसऱ्यावर ढकललेली चालत नाही. तिला उद्यापासून येऊ नका म्हणाले. अकरा वर्षं होती ती इथे. पिशवीत डबा, छत्री आणि पट्टी भरली, आणि जिना उतरून गेली.

मी जिंकले म्हणायचं का?

शनिवार, ८ मार्च

सगळं पुसलं, वहीतल्या क्रमाने. फक्त एक फोल्डर पुसवेना. ताईने आणि मी दोन वर्षं जमवलेली कपाटं त्यात आहेत — तयार नमुने. पुन्हा करायला महिना जाईल. फोनवरचा माणूस म्हणाला होता, सगळं काढा. पण नमुन्यात काय दोष असणार? बाजूला काढून ठेवला आणि नवं सॉफ्टवेअर घातल्यावर जागेवर परत ठेवला. छान चाललंय. एकदाही बंद पडलं नाही.

सोमवार, १० मार्च

पत्र मिळालं! आईने उलटंपालटं करून बघितलं, विचारलं, "यात तुझं नाव कुठे?" दाखवलं. त्यावर बोट ठेवून बसली.

सुतारकाका म्हणाले, "आता मोठ्या बाई तुम्हीच. बघा हं, नाहीतर दवाखान्यात बुटकी माणसं भरती करावी लागतील." मी हसले. खूप दिवसांनी.

दवाखान्याचं ड्रॉइंग दुरुस्त केलं. ७६०. सेव्ह केलं. उद्या यादी छापायची.

मंगळवार, ११ मार्च

सकाळी ड्रॉइंग उघडलं. उंची ७२०.

खोलीत मी एकटी. किल्ली माझ्याकडे, दुसरं कुणी बसत नाही. ७६० केलं, सेव्ह केलं, बंद केलं. उघडलं — ७२०. तिसऱ्यांदाही तेच. मग तो नमुन्यांचा फोल्डर काढला आणि पुन्हा करून पाहिलं. ७६०. पाच वेळा उघडलं, पाचही वेळा ७६०.

नव्या सॉफ्टवेअरची नोंदींची फाइल उघडली. आज तीनदा तीच ओळ. उंची ७६० ची ७२०. तिन्हींपुढे माझं नाव.

मालक खालीच आहेत, आवाज येतोय. एवढं लिहून झालं की उठते. उठायलाच हवं.